हौदातला पाहुणा : गप्पी मासा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मोहल्ल्यात आरोग्य खात्याची माणसे घरोघर येतात. पिंप, रांजण, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची टाकी, सगळे तपासतात. टॉर्चच्या उजेडात पाण्यात काही वळवळताना दिसले की ते पाणी ओतून द्यायला सांगतात. ज्या हौदाचे पाणी ओतता येत नाही, त्यात पिशवीतून आणलेले पाच-दहा लहान मासे सोडतात आणि पुढच्या घराकडे वळतात. हेच ते गप्पी मासे.

आमच्या परसातल्या हौदात हे मासे आले त्याला दोन वर्षे झाली. त्याआधीच्या श्रावणात घरातल्या धाकट्या मुलाला डेंग्यू झाला होता. आठवडाभर दवाखान्यातल्या बाकावर बसून आम्ही रोज प्लेटलेटचा आकडा ऐकत होतो आणि दुआ करत होतो. अल्लाहच्या कृपेने मुलगा बरा होऊन घरी आला. तोवर आम्ही समोरच्या गटाराला दोष देत होतो. पण आरोग्यसेवकांनी आमच्याच हौदाचे झाकण सरकवून आत पाहिले, तेव्हा आम्हाला मान खाली घालावी लागली. डेंग्यूचा डास गटारापेक्षा घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यालाच अधिक पसंती देतो. झाकणाची एक कड तुटली होती आणि तेवढी फट त्याला पुरली होती.

मासे सोडल्यानंतर काही दिवसांनी तोच मुलगा धावत आला. “अम्मी, हौदात इवली इवली पिल्ले आहेत! पण अंडी तर कुठेच दिसली नाहीत.” आम्ही वाकून पाहिले. नखाएवढीही नसतील अशी दहा-पंधरा पिल्ले काठाशी शेवाळाच्या आडोशाला पोहत होती. अंडी खरोखरच कुठे नव्हती. मुलाच्या त्या प्रश्नापायी आम्ही या माशाची माहिती गोळा करू लागलो, आणि हौदात आलेला हा पाहुणा किती दूरचा आहे ते कळत गेले.

अंडी न घालणारा मासा

बहुतेक मासे अंडी घालतात. मादी पाण्यात अंडी सोडते आणि ती पाण्यातच फलित होतात. बरीचशी अंडी इतर जीव खाऊन टाकतात, म्हणून अनेक जातींच्या माद्या हजारोंनी अंडी देतात. गप्पीची रीत वेगळी आहे. तिची अंडी पोटातच फलित होतात, पोटातच वाढतात, आणि साधारण तीन ते चार आठवड्यांनी मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. वाढीच्या काळात पिल्लाचे पोषण मुख्यतः अंड्यातल्या बलकावर होते.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. नर लहान असतो, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याच्या अंगावर नारिंगी, काळे, निळसर चकाकणारे ठिपके असतात. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढू शकते, पण तिचा रंग करडा आणि साधा. पोट भरदार असून मागच्या बाजूला एक गडद डाग दिसतो. पिल्ले होण्याचे दिवस जवळ आले की तो डाग मोठा आणि काळपट होत जातो. आमच्या घरात आता तो डाग पाहून मुले अंदाज बांधतात, “या जुम्म्यापर्यंत पिल्ले होतील.”

एका वेळेला किती पिल्ले होतील ते मादीच्या वयावर आणि आकारावर ठरते. तरुण मादीला थोडी होतात, मोठ्या मादीला कित्येक डझन. जन्मलेले पिल्लू लगेच पोहू लागते आणि स्वतःचे अन्न स्वतः शोधते. आईकडून त्याला पुढे काहीही मिळत नाही. उलट भूक लागली तर आईच त्याला खाऊन टाकू शकते. मुलांना हे ऐकून वाईट वाटले. पण पिल्ले काठाच्या शेवाळात का दडतात, याचे उत्तरही त्यांना त्यातच मिळाले. वाचलेली पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मादीचा नराशी एकदा संबंध आला की ती नराचे बीज अनेक महिने आपल्या शरीरात जपून ठेवू शकते. त्यामुळे जवळ एकही नर नसताना ती पुन्हा पुन्हा पिल्ले देते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

नावाची गोष्ट

आमच्या घरात पूर्वी समज होता की हा मासा अळी गपकन गिळतो म्हणून गप्पी. शेजारच्या आजी म्हणायच्या, घोळक्याने फिरतात, गप्पा मारतात, म्हणून गप्पी. दोन्ही गोष्टी ऐकायला छान असल्या, तरी खरे नाव एका माणसाचे आहे.

वेस्ट इंडिज बेटांपैकी त्रिनिदादमध्ये एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचे इंग्रज गृहस्थ राहत. खडक, जीवाश्म आणि प्राण्यांचा त्यांना नाद होता, आणि पुढे त्यांनी तिथल्या शाळाखात्यात वरिष्ठ अधिकारी म्हणून काम केले. त्यांनी तिथल्या ओढ्यातला हा छोटा मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला. तिथले मत्स्यतज्ज्ञ अल्बर्ट गुंथर यांनी १८६६ साली त्यांच्या सन्मानार्थ माशाच्या शास्त्रीय नावात ‘गप्पी’ हा शब्द घातला.

पण त्याआधीच, १८५९ साली, बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून याच माशाचे वर्णन केले होते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव खरे धरले जाते. म्हणून आज याचे शास्त्रीय नाव ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ असे आहे. ‘रेटिक्युलाटा’ म्हणजे जाळीदार, कारण अंगावरच्या खवल्यांच्या कडा बारीक जाळीसारख्या दिसतात. पुस्तकात पीटर्स यांचे नाव राहिले आणि लोकांच्या तोंडी गप्पी यांचे.

त्रिनिदादच्या ओढ्यांत

या माशाचे मूळ घर म्हणजे त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आसपासचा प्रदेश. त्रिनिदादच्या उत्तरेला डोंगरांची रांग आहे. तिच्यातून झुळझुळ ओढे उतरतात आणि वाटेत जागोजागी धबधबे लागतात. धबधब्याच्या खालच्या डोहांत गप्पीला खाणारे मोठे शिकारी मासे असतात. ते धबधबा चढून वर जाऊ शकत नाहीत. वरच्या डोहांत मोठा शत्रू नसतो. तिथे राहणारा एक छोटा मासा फार तर गप्पीची पिल्ले पकडतो.

एकाच ओढ्यातले हे दोन शेजार, पण त्यांतले गप्पी एकसारखे नसतात. वर राहणारे नर झगझगीत रंगांचे असतात. खाली राहणारे फिके, कारण तिथे जो जास्त चमकतो तो आधी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. माद्यांना मात्र रंगीत नर आवडतात. म्हणजे रंग असावा तर जिवाला धोका, नसावा तर जोडीदार मिळणे अवघड. या दोन टोकांमध्ये प्रत्येक डोहातल्या माशांचा रंग ठरत जातो.

जॉन एंडलर या संशोधकाने १९७६ साली खालच्या, शिकारी माशांच्या डोहांतले गप्पी उचलून अशा एका ओढ्यात सोडले जिथे ना गप्पी होते ना मोठे शिकारी. दोनच वर्षांत, म्हणजे गप्पीच्या साधारण पंधरा पिढ्यांत, तिथले नर अधिक रंगीत झाल्याचे त्यांना आढळले. पुढे डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच स्थलांतरित माशांचा अकरा वर्षांचा हिशेब मांडला आणि तो १९९० साली प्रसिद्ध केला. शत्रू कमी झाल्यावर मासे उशिरा वयात येऊ लागले होते आणि थोडी पण मोठी पिल्ले देऊ लागले होते.

हे सगळे वाचताना आम्हाला सूरह अल-बकरा आठवली. तिच्यात अल्लाहने डासासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या जिवाचेही उदाहरण दिले आहे. आपण ज्याला टाचेखाली चिरडतो आणि ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याच्याही रचनेत विचार करणाऱ्याला पुष्कळ काही सापडते. डास आणि डासाची अळी खाणारा हा मासा, दोघांकडे आम्ही तेव्हापासून जरा थांबून पाहू लागलो.

इतक्या दूर तो आला कसा?

हिवताप डासांमुळे पसरतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले, आणि जगभर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात गप्पी भारतात आणला गेला. त्याचाच नातेवाईक आणि त्याच्यासारखाच जिवंत पिल्ले देणारा गॅम्बुशिया हा मासा १९२८ साली आला. मुंबईत तर हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरी हे डासांचे मोठे ठिकाण असल्याचे दाखवले होते. विहीर बुजवणे लोकांच्या जिवावर येई. पाण्याची गरज होती, शिवाय अनेकांच्या धर्मभावना विहिरींशी जोडलेल्या होत्या. अशा ठिकाणी पाणी न बुजवता डास आवरण्याचा एक उपाय म्हणजे मासे.

गप्पीचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. डासाची अळीही श्वासासाठी पृष्ठभागाशी येते, म्हणून ती त्याला सहज सापडते. मोठा गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो, असे आरोग्य खात्याच्या माहितीत सांगितले जाते. दुसरे अन्न मुबलक असेल तर तो अर्थातच कमी खातो. थोड्या घाण पाण्यातही तो तग धरतो, लहान जागेत राहतो आणि स्वतःची संख्या स्वतः वाढवतो. म्हणूनच आज अनेक जिल्ह्यांत आरोग्य खात्याची गप्पी मासे पैदास केंद्रे आहेत.

एक मादी पुरेशी असते

आता त्या जपून ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या हौदात मासे इतके वाढले की मुलांनी एक बेत केला. गावाबाहेरच्या ओढ्यात, आमच्याकडे त्याला पऱ्या म्हणतात, पाणी साचून राहते आणि डास होतात. तिथे बरणीभर मासे सोडायचे, म्हणजे अख्ख्या गावाचे भले होईल. सवाबचे काम म्हणून आम्हीही हो म्हणून गेलो. बरणी भरून दारात ठेवलीही होती.

ती बरणी पऱ्यावर गेली नाही, कारण तोवर आमच्या वाचनात त्रिनिदादचीच आणखी एक हकिगत आली होती. १९५७ साली कॅरिल हॅस्किन्स या संशोधकाने एका नदीखोऱ्यातले सुमारे दोनशे गप्पी दुसऱ्या खोऱ्यातल्या तुरुरे नदीच्या वरच्या भागात सोडले. तिथे वर गप्पी नव्हते, पण खाली धबधब्यापलीकडे त्या नदीचे स्वतःचे गप्पी होते. काही दशकांनी तपासणी झाली, तेव्हा सोडलेल्या माशांचा वंश धबधबे उतरून खालपर्यंत पोहोचला होता आणि मूळ गप्पींची जागा त्याने मोठ्या प्रमाणावर घेतली होती. हे तर एकाच बेटावरचे, एकाच जातीचे मासे. मग साता समुद्रापलीकडून आलेला मासा आपल्या ओढ्यात गेला तर काय होईल?

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वेगवेगळ्या टाक्यांत प्रत्येकी एकच गप्पी मादी सोडली होती. बहुतांश टाक्यांत त्या एकटीपासून वसाहत उभी राहिली. कारण तेच : पोटात जपलेले बीज आणि जन्मतःच पोहणारी पिल्ले. ज्या गुणांमुळे गप्पी आमच्या बंद हौदात उपयोगी पडतो, त्याच गुणांमुळे मोकळ्या पाण्यात त्याला आवरणे अशक्य होते. बरणी उपडी करायला एक क्षण लागतो. सोडलेले मासे परत वेचून आणणे कोणाच्याच हाती नसते.

सह्याद्रीच्या ओढ्यांत असे कित्येक मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. आमच्या पऱ्यातही एक बोटभर मासा दिसतो, डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका असलेला. तोही पृष्ठभागाशी फिरतो आणि डासांच्या अळ्या खातो. म्हणजे जिथे आम्ही मदतीला पाहुणा पाठवणार होतो, तिथे हे काम करणारा घरचाच जीव आधीपासून होता. परका मासा संख्येने वाढला की अन्न आणि जागा वाटून घेतो, दुसऱ्यांची अंडी-पिल्लेही खातो. गॅम्बुशियाचा अनुभव तर इतका वाईट आहे की जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे.

अल्लाहने ही जमीन आणि तिच्यावरचे पाणी आपल्याला अमानत म्हणून दिले आहे, असे आपण वाझमध्ये नेहमी ऐकतो. अमानत सांभाळायची तर आपल्या चांगल्या हेतूचाही परिणाम आधी तपासावा लागतो. हे त्या दिवशी दारातल्या बरणीने आम्हाला शिकवले.

घरात आणि मशिदीत काय करावे?

त्या बरणीतले मासे मग आम्ही वाटून टाकले. काही शेजारच्या घरांतल्या सिमेंटच्या टाक्यांत गेले, काही आरोग्य केंद्राने परत घेतले, आणि काही आमच्या मशिदीच्या वजूच्या हौदात सोडले. तिथे एका बुजुर्गांनी शंका काढली, “मासे असलेल्या पाण्याने वजू होईल का?” इमामसाहेबांनी समजावले की मासा हा पाण्यातलाच जीव आहे. त्याच्या असण्याने, किंवा एखादा मासा पाण्यात मेल्यानेही, पाणी नापाक होत नाही. मात्र मेलेला मासा लगेच काढून टाकावा आणि पाण्याचा रंग, वास वा चव बिघडू देऊ नये.

दोन वर्षांच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मासे फक्त बंदिस्त पाण्यात सोडावेत : हौद, सिमेंटची टाकी, शोभेचे कारंजे, वापरात नसलेली आणि ओढ्याशी जोडलेली नसलेली विहीर. हौदाला पाणी बाहेर जाण्याचे भोक असेल तर त्यावर बारीक जाळी बसवावी, नाहीतर पावसात भरून वाहताना पिल्ले गटारात आणि तिथून ओढ्यात जातात.

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन जास्त असते आणि त्याने मासे मरतात. नवे पाणी एक दिवस ठेवून मग मासे सोडावेत. हौद धुताना सगळे पाणी एकदम बदलू नये. मासे बादलीत काढून ठेवावेत आणि जुने थोडे पाणी राखावे.

माशांना पोळीचे तुकडे, शेव, बिस्किटे घालू नयेत. मुलांना मोह होतो, पण पोट भरलेला मासा अळ्यांकडे पाहत नाही आणि पाणीही नासते.

माशांवर सगळा भार टाकू नये. कूलर, फ्रिजच्या मागची ताटली, कुंड्या, जुने टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी, इथे मासे कामाचे नाहीत. उष्ण दिवसांत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. आम्ही गुरुवार ठरवला आहे. भांडी नुसती रिकामी करू नयेत, आतून घासावीत, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात.

आणि पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. रात्री भांडी झाकून ठेवण्याची प्रेषितांची (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) शिकवण हदीसमध्ये आलेली आहे. आमच्या दादी रोज इशानंतर बिस्मिल्लाह म्हणून माठावर ताटली ठेवत आणि आम्हालाही ठेवायला लावत. ती सवय आमच्या घरात हौदाच्या झाकणापर्यंत पोहोचली असती, तर त्या श्रावणातला आठवडा कदाचित आमच्यावर आला नसता.

हौदाला आता नवे झाकण आहे. मुलगा रोज मगरिबच्या आधी ते उचलून आत डोकावतो आणि मासे मोजायचा प्रयत्न करतो. मोजणी कधीच पुरी होत नाही. परवा शेजारच्या गल्लीतला त्याचा मित्र रिकामी बरणी घेऊन आला होता. मासे देण्याआधी आमच्या मुलाने त्याला विचारले, “तुमच्या टाकीच्या भोकाला जाळी आहे ना?” मित्र म्हणाला, नाही. “मग आधी जाळी बसवून ये,” असे सांगून त्याने झाकण लावून टाकले.